वंशावळीत न मावलेली पणजी

निवृत्तीनंतर आमच्या वयाचे बरेच जण वंशावळीच्या मागे लागतात. मीही लागलो. सगळी नोकरी महसुलात गेली, त्यामुळे जुने फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी), कोतवाल बुकं (गावच्या जन्म-मृत्यूच्या वह्या) कुठं शोधायची ते ठाऊक होतं; मोडी तेवढी नव्याने शिकलो. पण वंशावळ छापून वाटली की काम संपलं, हे मला पटत नाही. ज्याला जमेल त्याने पुढे कादंबरी लिहावी. वंशावळीत बायका नसतातच हो!

माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. घरात एवढंच सांगत, "बसऱ्याला गेले ते गेलेच." बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं बंदर. पलटणींचं पुढे काय झालं ते इतिहासात सापडतं. डिसेंबर 1915 मध्ये इराकमधल्याच कुत-अल-अमाराला तुर्कांचा वेढा पडला. आत इंग्रजांच्या फौजेतली पुणे डिव्हिजन, त्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी. धान्य आटलं तेव्हा घोडे कापले. धर्म बुडेल म्हणून आपल्या कित्येक शिपायांनी ते मांस बरेच दिवस नाकारलं. 29 एप्रिल 1916 ला शरणागती. सुमारे 13,000 जण कैद झाले आणि त्यातले हजारो परतलेच नाहीत. बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रज शिपायांची नावं कोरली, हिंदी शिपायांचे नुसते आकडे. याची मला आजही चीड येते.

आणि पणजी? तिचा कागद एकच, वारसाचा फेरफार. पणजोबा मयत, वारस अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, मुलगा, 'अज्ञान पालनकर्ती आई' म्हणून तिचं नाव आणि शेजारी अंगठा. शाई जरा फराटलेली. पुढे 1918 ला मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची, साथ आली, पाऊसही दगा देऊन गेला. त्यात तिने जमीन आणि पोर दोन्ही कशी राखली, हे कुठल्याच दप्तरात नाही. तिथे कल्पनाच लागते.

सनावळी, पलटणी, वेढा, साथ यांना मात्र मी माझ्या कादंबरीत हात लावत नाही. पणजोबांना शूरवीरही करणार नाही; पोटासाठी भरती झालेला शेतकऱ्याचा पोर होता तो. भावकी म्हणते, बांधाची भांडणं कशाला चव्हाट्यावर? मी ती लिहिणार. विधवा बाईने दिरांसमोर सातबारा टिकवला, ती आमच्या घरातली खरी लढाई.

सध्या तिच्या जात्यापाशी अडलोय. सातारा, कोरेगाव, खटाव भागात कुणाच्या आजीला पलटणीत गेलेल्या नवऱ्याच्या ओव्या येत असतील, तर जशाच्या तशा कमेंटमध्ये लिहा. शब्द सुधारू नका.