ओ गुप्तहेर

झेरॉक्स दोन रुपये पान. त्यात मोठ्यानं वाचून दाखवायचे पैसे धरलेले नसतात, तरी सोलापुरात सात रस्त्याजवळच्या झेरॉक्सवाल्या मामांनी परवा माझं टिपण अख्ख्या रांगेला ऐकवलं. "गुप्तवार्ता विश्लेषण! म्हंजे गुप्तहेर का बे?"

असल्या नोकरीचा अर्ज गावभर सांगायचा नसतो, ही पहिली शिस्त. ती तिथंच संपली. आयबी म्हणजे केंद्राचा गुप्तचर विभाग; त्याच्या एसीआयओ या अधिकारीपदाच्या परीक्षेत मुलाखतीला १०० गुण असतात. मामांनी ती काउंटरवरच सुरू केली.

"मग सांग, उद्या पाणी येतंय का?"

पाच दिवस नळ कोरडा. म्हटलं, मामा, सांगणारा किती भरवशाचा त्याला ए ते एफ श्रेणी, बातमी किती खरी त्याला १ ते ६; १ म्हणजे पक्की. दोन्ही वेगळं तोलायचं. भरवशाचा माणूसही चुकीचं ऐकून येतो.

"तिघांनी सांगितलंय की. शेजारीण, दूधवाला, मेहुणा. १ नंबर धर."

तिघांनी कुणाकडून ऐकलं? नळाला पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याच्या भावाकडून. म्हणजे स्रोत एकच, तोही ऐकीव. याला पुष्टी म्हणत नाहीत.

"चावीवाल्याला भाऊच नाही बे," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

मी रिचर्ड्स ह्यूअरच्या तक्त्यावर गेलो. हा अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेतला; तक्त्यात सगळ्या शक्यता मांडून प्रत्येक पुरावा त्यांच्यावर घासायचा. पाणी का नाही? उजनी धरणावरचे पंप बंद, जलवाहिनी फुटली, चावी अडकली, पाळी बदलली. 'नळ कोरडा' हा पुरावा चारींना बसतो, म्हणून त्याची किंमत शून्य. शक्यता सिद्ध करत बसायचं नाही, खोडत जायचं. मागच्या गल्लीत पाणी आलं असेल तर पंप बंद नाहीत.

"तिथं माजी नगरसेवक राहतो. त्याच्याकडं टँकर येतोय."

पुरावा बाद.

"येण्याची शक्यता आहे," एवढंच उरलं. तेही चालत नाही. १९५१ मध्ये अमेरिकेच्या गुप्तवार्ता अहवालात युगोस्लाव्हियावर हल्ल्याची 'गंभीर शक्यता' लिहिली होती. सीआयएच्याच शर्मन केंटनं नंतर लिहिणाऱ्यांनाच विचारलं, तर कुणाच्या मनात २० टक्के, कुणाच्या ८०. म्हणून आकडा द्यावा. मी दिला: ६०.

"मग ४० टक्के अंघोळ राहिली म्हण की!" रांग हसली. बारा पानं, चोवीस रुपये. मामांनी एक रुपया सोडला नाही, वर तक्त्याचं पान तिरकं आलं.

पहाटे तीनला दार बडवलं गेलं. शेजारच्या काकू.

"ओ गुप्तहेर, उठा की! नळ आलाय."