एनसीआरबीचा अहवाल उघडला म्हणजे गुन्हेगारी कळली, असं नाही

'गुन्हेगारीचा अभ्यास करायला संशोधनपद्धती कशाला हवी? एनसीआरबीचा, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, अहवाल उघडा, कुठलं राज्य गुन्हेगार ते दिसतं. तुरुंगात बघा, गुन्हेगार कोण ते कळतं. उरलेलं एखादा निवृत्त पोलीस अधिकारी सांगेल.' या आशयाचा मजकूर खूप फिरतोय. गुन्हेशास्त्राला नुकतीच प्रवेश घेतलेली मुलंही तो पुढे पाठवतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी अहवाल. तो जरूर वाचावा, पण त्यात घडलेले गुन्हे नसतात, नोंदवलेले असतात. 2020 मध्ये देशातले एकूण गुन्हे आदल्या वर्षापेक्षा 28 टक्क्यांनी वाढले. ते टाळेबंदीचं वर्ष. सरकारी आदेश मोडल्याचे, म्हणजे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 188 चे गुन्हे सुमारे 29 हजारांवरून 6 लाख 12 हजारांवर गेले. महिलांवरील गुन्ह्यांची नोंद त्याच वर्षी 8 टक्क्यांनी घटली. ती खरी घट होती, की मारहाण करणाऱ्यासोबतच घरात कोंडल्या गेलेल्या बाईला पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचताच आलं नाही? अहवालाच्या तक्त्यात याचं उत्तर नाही.

बलात्काराच्या नोंदी 2012 मध्ये 24,923 होत्या, 2013 मध्ये 33,707. मधल्या काळात दिल्लीची निर्भया घटना घडली, कायद्याने व्याख्या रुंदावली, संमतीचं वय 16 वरून 18 झालं आणि अशी तक्रार न नोंदवणारा पोलीसही शिक्षेला पात्र ठरला. किती वाढ अत्याचारांची आणि किती नोंदींची, हे नुसत्या दोन आकड्यांवरून वेगळं काढता येत नाही. शिवाय एकाच एफआयआरमध्ये बलात्कार आणि खून दोन्ही असतील, तर मोजणी फक्त खुनात होते.

राज्यांच्या क्रमवारीचंही तसंच. एकूण गुन्ह्यांच्या दरात केरळ वरच्या रांगेत असतं, म्हणून त्याला गुन्हेगार राज्य म्हणायचं? खून दडवणं अवघड असतं, म्हणून तुलनेला तो बरा. 2022 मध्ये देशाचा खुनाचा दर लाखामागे 2.1 होता, केरळचा एकाहूनही कमी. जिथे पोलीस तक्रार लिहून घेतात तिथला आकडा फुगतो; जिथे चोरीला गेलेला मोबाइल 'गहाळ' म्हणून लिहिला जातो, तिथला आकडा शांत राहतो.

तुरुंगाचा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो. 2022 अखेर देशातल्या 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते, म्हणजे चारातल्या तिघांवर गुन्हा सिद्धच झालेला नव्हता. त्यात जामिनाचे पैसे नसलेले आणि वकील न मिळालेले जास्त असणार. तुरुंगातल्या गर्दीवरून एखाद्या समाजाचा स्वभाव ठरवणं हे तर आपल्याकडे कायद्यानेच करून झालंय. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून शिक्का मारला, हजेरी लावली, सोलापुरात तारेच्या कुंपणात वसाहत केली. 1952 मध्ये तो कायदा गेला. तरी गावात चोरी झाली की पहिली झडती पारध्याच्या पालावर होते. ज्याच्याकडेच सतत शोधलं जातं, त्याच्याच नावाच्या नोंदी वाढतात.

निवृत्त अधिकाऱ्याचा अनुभव मोलाचा आहे, त्याची मुलाखत घ्यावीच. पण त्याने पाहिलेले आरोपी पकडले गेलेले असतात आणि फिर्यादी ठाण्यापर्यंत पोहोचलेले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी 14 टक्क्यांनीच कुणाकडे मदत मागितली होती, आणि तीही बहुतेक वेळा घरच्यांकडे. उरलेल्या स्त्रिया त्या अधिकाऱ्याला कधी भेटल्याच नाहीत. त्यांच्यापर्यंत पोहोचायला पद्धत लागते. त्या सर्वेक्षणात हिंसेचे प्रश्न एका घरात एकाच स्त्रीला विचारतात, आणि तेही एकांत मिळाला तरच. मध्येच नवरा किंवा सासू आली तर ते प्रश्न थांबवावे लागतात, कारण मुलाखत घेणारी निघून गेल्यावर त्या बाईला त्याच घरात राहायचं असतं.