गोष्ट एका ओळीची, माणूस मात्र संपत नाही

परवा भाच्याबरोबर एक थ्रिलर पाहिला. आत शिरण्याआधी त्यानं बजावलं होतं, "मामा, ग्रुपवर कुणी काही लिहिलं असेल तर वाचू नकोस. शेवट कळला तर सगळी मजा जाईल." शेवट कळला नाही. सिनेमा बांधलेला चांगला होता, दोन तास जागचे हललो नाही. पण घरी येऊन जेवायला बसलो आणि बोलायला काही उरलंच नव्हतं. कुणी कुणाला फसवलं ते कळलं आणि विषय संपला. त्या नायकाला नंतर झोप लागली असेल का, हे विचारावंसं दोघांनाही वाटलं नाही.

शेवट कळला तर मजा जाईल, हे वाक्य मात्र तेव्हापासून डोक्यात फिरतंय. अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्समध्ये नाटककार सोफोक्लीजचं नाटक बघायला जमलेल्या लोकांना ईडिपस राजाचा शेवट घरूनच माहीत होता. बाप कुणी मारला, आई कोण, सगळं. तरी ते येऊन बसले, कारण बघायचा होता तो माणूस. आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस सांगतो, मला बोलायला लावू नकोस. राणी योकास्टा विनवते, पुरे कर आता. म्हातारा मेंढपाळ गयावया करतो. आणि हा राजा सत्य शोधायचं थांबत नाही. ज्या हट्टानं त्यानं शहर वाचवलं होतं, त्याच हट्टानं तो स्वतःला उघडं पाडतो. त्याचा गुण कुठे संपतो आणि दोष कुठे सुरू होतो, मला अजून सांगता येत नाही.

गोष्टीपेक्षा माणूस मोठा, असं मी म्हणतो खरं, पण ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल इथे माझ्या बाजूचा नाही, हे कबूल करायला हवं. त्यानं कथानकाला शोकांतिकेचा आत्मा म्हटलं आणि स्वभावचित्रणाला दुसरी जागा दिली. आपल्या नाट्यशास्त्रात इतिवृत्ताला, म्हणजे कथानकाला, नाट्याचं शरीर म्हटलंय. मला हा शब्द जास्त जवळचा वाटतो. शरीर धडधाकट हवंच, पण माणूस म्हणजे नुसतं शरीर नव्हे.

हे मला वाचून कळलं नाही, तालमीत कळलं. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या हौशी मंडळींनी रशियन नाटककार चेखॉवचं 'चेरी ऑर्चर्ड' बसवायला घेतलं होतं. 1904 सालचं नाटक. गोष्ट एवढीच, की कर्जात बुडालेल्या घराण्याची बाग लिलावात जाते. माझ्या वाट्याला लोपाखिन आला. त्याचे बाप-आजे याच इस्टेटीवर भूदास होते, त्यांना स्वयंपाकघरातसुद्धा पाऊल टाकायची मुभा नव्हती. आता तो पैसेवाला झालाय. मालकिणीला तो परोपरीनं सांगतो, बागेचे तुकडे पाडा, भाड्यानं द्या, वाचाल. ती ऐकत नाही. शेवटी लिलावात बाग तोच घेतो. घेतल्यावर बेभान होतो, आणि त्याच दमात रडत तिला विचारतो, माझं का नाही ऐकलंत?

आजच्या बहुतेक सिनेमांत हा माणूस तिसऱ्या मिनिटाला खलनायक ठरला असता. नाहीतर पिढ्यांच्या अपमानाचा सूड घेणारा नायक. इथे तो दोन्ही नाही. चेखॉवनं ही भूमिका नट-दिग्दर्शक स्तानिस्लावस्की करेल या अपेक्षेनं लिहिली होती, यावरूनच त्याला भडक व्यापारी नको होता हे दिसतं. (स्तानिस्लावस्कीनं मात्र मालकिणीचा भाऊ गायेव केला.)

मला घाम फुटला तो शेवटच्या अंकातल्या एका प्रवेशात. लोपाखिन मालकिणीच्या दत्तक मुलीला, वार्याला, मागणी घालणार, हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. दोघांना मुद्दाम एकटं सोडलंय. ती सामानात काहीतरी शोधल्यासारखं करते. तो थंडीबद्दल बोलतो. तीन अंश खाली गेलंय म्हणतो. ती सांगते, आमचं थर्मामीटर फुटलंय. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी हाक मारतं आणि तो जणू त्या हाकेचीच वाट बघत असल्यासारखा निघून जातो. मागणी राहते ती राहतेच.

महिनाभर मी दिग्दर्शकाला विचारत होतो, का घालत नाही हा मागणी? प्रेम नाही? मालकिणीवर जीव आहे? ज्या घरात आजा नोकर होता तिथली मुलगी करायला मन धजत नाही? दिग्दर्शक म्हणाले, "यातलं एकच निवडलंस तर प्रवेश मरेल." मी तिन्ही मनात ठेवून उभा राहायला लागलो, तेव्हा कुठे ते थंडीचं वाक्य तोंडातून नीट निघालं.

हल्लीच्या सिनेमाबद्दल माझी खरी तक्रार इथे आहे. गुंतागुंतीचा माणूस म्हणजे ज्याच्या भूतकाळात जखम आहे तो, असं आता धरूनच चाललेत. फ्लॅशबॅक दाखवला, लहानपणीचा मार दाखवला, की हिशेब चुकता. जुन्या खलनायकांनाही आता उगमकथा मिळतात. 2014 मध्ये 'मॅलेफिसंट', 2019 मध्ये 'जोकर', 2021 मध्ये 'क्रुएला'. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'मधला, आपल्याच सेनापतीचा घात करणारा इयागो घ्या, आपल्याकडे देवलांनी ज्याचं 'झुंझारराव' केलं ते नाटक. इयागो कारणं देतो. बढती कॅसिओला मिळाली, बायकोचा ऑथेल्लोशी संबंध असावा. पण त्यानं जे केलं त्याच्या मापाचं एकही कारण नाही. शेवटी पकडल्यावर तो म्हणतो, मला काही विचारू नका, यापुढे मी एक शब्द बोलणार नाही. आणि खरंच बोलत नाही. चारशे वर्षं लोक त्या गप्प बसण्यापुढे अडलेत.

आपल्या घरातलं उदाहरण म्हणजे एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी', 1985 सालचं. विदर्भातल्या धरणगावात देशपांड्यांच्या वाड्यात तात्याजी वारलेत आणि मुंबईचा मुलगा बायकोला घेऊन आलाय. गोष्ट म्हणावी तर एवढीच. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर. पण त्यातली प्रत्येक व्यक्ती मला आमच्या वाटण्यांच्या वेळी भेटली आहे. आमच्या घरी दिवसकार्याला काका पैशांवरून बोलले तेव्हा सगळ्यांनी त्यांना स्वार्थी ठरवलं. मीही ठरवलं. नंतर हे नाटक पुन्हा वाचताना थोरल्या भास्करपाशी थांबलो. मोठेपणाचा तोरा आणि त्या तोऱ्याखालची भीती एकाच माणसात दिसली, आणि काकांना त्या रात्री फोन केला.

हा माध्यमाचा दोष आहे असं मी म्हणणार नाही. क्लोजअप जे पकडतो ते रंगमंचावर चौथ्या रांगेपलीकडे पोचत नाही. जपानी दिग्दर्शक ओझूचा 'टोकियो स्टोरी' 1953 चा: म्हातारे आईबाप मुलांकडे शहरात जातात, परत येतात, आई जाते. बस. दर पाच मिनिटांनी धक्का दिला नाही तर प्रेक्षक मोबाइल काढेल, ही धास्ती तिथे नाही.

भाच्याला मी आता इराणी दिग्दर्शक असगर फरहादींचा 2011 चा 'अ सेपरेशन' दाखवणार आहे, आणि शेवट आधीच सांगून. बायकोला देश सोडायचाय, नवऱ्याला स्मृती गेलेल्या बापाला सोडायचं नाही. मुलगी न्यायाधीशाला सांगते, कुणाबरोबर राहायचं ते मी ठरवलंय. आईवडिलांना बाहेर पाठवतात. कोर्टाच्या बोळात मध्ये काचेचा दरवाजा, अलीकडे एक, पलीकडे एक. माणसं येत-जात राहतात, पडद्यावर श्रेयनामावली वर सरकत राहते. मुलीनं कुणाचं नाव घेतलं, ते आपल्याला ऐकू येत नाही.