गुरुजी, आधी कुठला पापुद्रा बिघडलाय ते बघू

गुरुजी नमस्कार, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की मागच्या लेखात आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनबद्दल लिहिताना मी डीमेकची (म्हणजे बुबुळाचा, डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्याचा, फक्त आतला पापुद्रा बदलायच्या ऑपरेशनची) जाहिरात केलीय, काकूंचं १२ वर्षांपूर्वी १६ टाके घालून अख्खं बुबुळ बदललं आणि त्या आजही पेपर वाचतात, मग म्हाताऱ्या माणसांवर असली नवी फॅडं कशाला. जाहिरातीचं म्हणाल तर मला कुणी शेंगाचटणीची पुडीपण दिली नाही हो :) पण एक चूक माझी आहेच, ती खाली कबूल करतो.

काकूंचं तुम्हीच लिहिलंय, शेतात ज्वारीचं पान लागलं, जखम चिघळली आणि डोळ्यात फूल पडलं, अगदी खोलवर. मग बरोबरच आहे की! तिथं पूर्ण जाडीचं रोपण हाच मार्ग, १९०५ साली झिर्म नावाच्या डॉक्टरनं पहिल्यांदा जमवलं ते हेच. डीमेकचा तिथं काडीचा उपयोग नाही.

आईचं तसं नव्हतं. तिचा सगळ्यात आतला पापुद्रा गेलेला, फुक्सचा आजार म्हणतात त्याला. त्या पापुद्र्यावरच्या पेशी मोटरसारखं बुबुळातलं पाणी उपसत असतात आणि एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. रात्री पापण्या मिटलेल्या, पाणी उडून जायला वाव नाही, म्हणून सकाळी जास्त धूसर. एप्रिल महिन्यात, सोलापुरात, आई उठून विचारायची "आज धुकं पडलंय का रे?" अकरा वाजेपर्यंत तव्यावरची भाकरी वासावर उलटायची आणि मग ऊन चढलं की जरा दिसायला लागायचं.

आता एवढ्यासाठी अख्खं बुबुळ कापायचं का? केसापेक्षा बारीक टाके, ते वर्षभर किंवा जास्त ठेवायचे, एखादा सैल झाला की डोळा लाल आणि पळा दवाखान्यात, टाक्यांच्या ओढीनं चष्म्याचा नंबर वेडावाकडा, आणि तो जोड जन्मभर कच्चाच राहतो. ७१ वर्षांची बाई बाथरूममध्ये घसरली आणि डोळ्यावर आपटली तर? डीमेकमध्ये फक्त तो पापुद्रा बदलतात, एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, निळा रंग देऊन गुंडाळी आत सोडायची, उलगडायची आणि खालून हवेचा फुगा लावून चिकटवायची. नजर काही आठवड्यांत यायला लागते आणि शरीरानं तो परका म्हणून नाकारायची भीतीही पूर्ण रोपणापेक्षा बरीच कमी. मधला डीसेक म्हणून प्रकार आहे, त्यात थर जाड म्हणून हाताळायला सोपा, डोळ्याचं आधीच काही गुंतागुंतीचं झालेलं असेल तर डॉक्टर तोच धरतात, नजर मात्र जरा सावकाश.

आता माझी चूक. मी लिहिलं "दुसऱ्या दिवशी घरी", कारण दवाखान्यातल्या काउन्सेलरनं आम्हाला तेवढंच सांगितलं होतं. खरं म्हणजे फुगा वर राहावा म्हणून उताणं पडून राहावं लागतं, छताकडे तोंड करून. मे महिना, दुपारी लाईट गेलेली, आई ओल्या चादरीवर उताणी आणि मी पुठ्ठ्यानं वारा घालतोय. एवढं करून पाचव्या दिवशी कडेला पापुद्रा सुटलाच! परत हवा भरली, परत तीन दिवस उताणं. अशी वेळ बऱ्याच जणांवर येते, हे मी त्या लेखात लिहायला हवं होतं, तुमचा राग तिथं रास्त आहे. ज्याला पाठीच्या दुखण्यामुळं किंवा दम्यामुळं उताणं झोपताच येत नाही त्यानं हे आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावं. आणि दान मिळालेल्या बुबुळावरून तो पापुद्रा सोलताना फाटला तर ते बुबुळ या कामातून जातं, ही बाजूपण आहेच.

तीन-चार आठवड्यांनी आई दुपारी आडवी झालेली, अचानक सुनेला हाक मारली, "अगं, सहा दिवस मी ह्याच पंख्याखाली पडले होते, त्याच्यावर एवढी धूळ आहे आणि एकानंही पुसली नाही होय?" मग काय, स्टूल मीच आणलं.