हापूसवरचे रोग आणि संगणकातला तज्ज्ञ: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

मोहोर सुरू झाला की देवगड-रत्नागिरीच्या बागायतदारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: ‘एक्स्पर्ट सिस्टीम हे एआयचं नवंकोरं रूप आहे. ती आंब्यावरचा रोग स्वतः शिकून ओळखते, कधीच चुकत नाही. आता तज्ज्ञाला विचारायची गरज नाही.’ चुकीच्या फवारणीचा भुर्दंड बागायतदारालाच बसतो, म्हणून हे लिहितो आहे.

एक्स्पर्ट सिस्टीम म्हणजे तज्ज्ञासारखा सल्ला देणारा संगणकाचा प्रोग्राम. ती ‘नवीकोरी’ नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात डेन्ड्रल या सुरुवातीच्या एक्स्पर्ट सिस्टीमचं काम १९६५ साली सुरू झालं. रक्तातला जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविक सुचवणारी मायसिन १९७०च्या दशकातली.

‘स्वतः शिकते’, इथे खरा घोळ आहे. अशा सिस्टीमचे मुख्य भाग दोन. एक ज्ञानसाठा, म्हणजे तज्ज्ञाला खोदून खोदून विचारून लिहिलेले ‘जर-तर’ नियम. दुसरा, त्या नियमांवरून निष्कर्ष काढणारा. समजा नियम असा: मोहोरावर पांढरी पावडर असेल आणि फुलं गळत असतील, तर रोग भुरी. मायसिनच्या पद्धतीची सिस्टीम आधी ‘भुरी असेल का?’ असा संशय धरते, तो पडताळायला काय कळायला हवं ते नियमांत शोधते आणि तेवढंच तुम्हाला विचारते. ‘हे का विचारलंस?’ म्हटलं तर नियम दाखवते. हा तिचा सर्वांत मोठा गुण, आणि मेसेजमध्ये नेमका तोच नाही.

उदाहरणांवरून यंत्राने नियम काढल्याचे प्रयोगही झालेत. अमेरिकेत इलिनॉयमध्ये सोयाबीनच्या १५ रोगांवर असे नियम तज्ज्ञाने सांगितलेल्या नियमांपेक्षा सरस ठरले. पण त्या उदाहरणांतला रोग आधी माणसांनीच ओळखलेला होता.

‘कधीच चुकत नाही’? मायसिन स्वतःच्या निष्कर्षाला खात्रीचा आकडा जोडत असे, उणे १ ते अधिक १ यांच्यामधला. आपल्याकडचा धोका वेगळाच आहे. फुलकिडीने कोवळी पालवी आणि मोहोर करपल्यासारखा दिसतो. ज्ञानसाठ्यात फुलकिडीचा नियमच नसेल, तर सिस्टीम करपा हा बुरशीचा रोग सांगून मोकळी होईल आणि किडीवर बुरशीनाशक मारलं जाईल.

‘तज्ज्ञाची गरज नाही’ म्हणाल, तर नियम लिहिणार कोण? दापोलीच्या कृषी विद्यापीठातले, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातले लोक आणि बागेत वर्षानुवर्षं मोहोर पाहिलेले बागायतदारच. सिस्टीम जरूर वापरा. फक्त आधी विचारा: नियम कुणी दिले, शेवटचे कधी सुधारले, आणि त्यात फुलकिडी आहे का?