एक अणू जास्त

डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात सारथी या सरकारी संस्थेच्या पीएचडी फेलोशिपचा विषय निघाला, आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विचारलं, पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार? मी तेव्हा इथं, जर्मनीत फ्रायबुर्गला होते. तो व्हिडिओ मला एका रात्रीत सात जणांनी पाठवला. त्यावर लिहायचं ठरवून मी दोनदा बसले आणि दोन्ही वेळा रागावून उठले. आता राग निवला आहे, म्हणून लिहिते.

त्याच्या दोनच महिने आधी रसायनशास्त्राचं नोबेल क्वांटम डॉट्सना मिळालं होतं. काही नॅनोमीटरचे हे कण. पदार्थ तोच, पण कण लहान असला तर निळा उजळतो, मोठा असला तर लाल. आज ते टीव्हीच्या पडद्यात आहेत आणि दिव्यांतही आहेत. पण अलेक्सी एकिमोव्ह यांनी 1980च्या आसपास सुरुवात केली ती रंगीत काचेला नेमका रंग कशामुळे येतो, एवढंच समजून घ्यायला. दिवा लागायला पुढं कित्येक वर्षं गेली, आणि तेवढी वर्षं त्या प्रश्नापाशी कुणी ना कुणी बसून होतं.

मी ज्या कामावर जगते ते याच घराण्यातलं. धातूचे वीस, तीस, चाळीस अणूंचे पुंजके घ्यायचे आणि ते तापवले तर काय होतं ते संगणकावर पाहायचं. भट्टी नाही, मूस नाही. प्रत्येक पावलाला इलेक्ट्रॉनांचं गणित सोडवायचं, त्यातून अणूंवरचं बल काढायचं, अणू किंचित सरकवायचे, पुन्हा गणित. एक पाऊल म्हणजे साधारण एक फेम्टोसेकंद, सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग. एका तापमानाला अशी लाखभर पावलं, आणि तापमानं पंधरा-वीस. जॉब, म्हणजे असं एक गणित, मोठ्या संगणकावर लावायचा, क्यूत, म्हणजे रांगेत पडून राहायचं, सकाळी उठून आधी आउटपुट उघडायचं. कित्येकदा रात्री दोनला तो कन्व्हर्ज न होता, म्हणजे आकडे स्थिर न होताच, बंद पडलेला असतो.

या विषयातली एक गोष्ट पुण्याची आहे, आणि ती घरी फार कमी लोकांना माहीत आहे. गॅलियम हा धातू 29.8 अंशांना वितळतो. एप्रिलमध्ये पुण्यात कपाटातल्या बाटलीत त्याचा खडा आपोआप पाणी होतो. मी एम.एस्सी.ला असताना तो पहिल्यांदा पाहिला. बाटली कलती केली की आरशासारखा थेंब काचेवरून जड जड ओघळतो. आता धातूचा कण जितका लहान तितका तो लवकर वितळतो, हे जुनं ज्ञान. सोन्याचे काही नॅनोमीटरचे कण 1064 अंशांच्या कितीतरी खाली वितळतात. पण 2003 मध्ये अमेरिकेत मार्टिन जॅरोल्ड यांच्या गटानं गॅलियमचे जेमतेम सतरा अणूंचे पुंजके तापवले, आणि ते वितळेचनात. अख्खा खडा हातावर पाणी होतो, आणि सतरा अणू कित्येकशे अंशांनाही घट्ट.

असं का, याचं उत्तर पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालं. ते काढणाऱ्यांत पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातले दिलीप कान्हेरे, कविता जोशी आणि त्यांचे सहकारी होते, सोबत फ्रान्समधल्या ग्रनोबलचे स्टीव्हन ब्लंडेल. मोठ्या खड्यात सगळे बंध सारखे नसतात, लहान पुंजक्यात मात्र अणू एकमेकांना सहसंयुज, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेणाऱ्या, बंधांनी करकचून धरतात. 2006 मध्ये पुण्यातूनच पुढचं पाऊल पडलं. तीस अणूंचा पुंजका हळूहळू, धड कळणारही नाही असा मऊ पडत जातो, आणि एकतिसावा अणू आला की तोच स्पष्ट वितळतो. त्याचं कारण अणूंच्या मांडणीत आहे, किती अणू सारख्या परिस्थितीत बसलेत यात. हा निबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन उभी राहिले होते, एवढं आठवतं.

आजच्या हिशोबानं तेव्हाचे संगणक किरकोळच म्हणायचे. मग काय होतं? कायम नेमणुकीचे प्राध्यापक होते, जे एकाच प्रश्नामागे वीस-वीस वर्षं लागले. एका बॅचनं लिहिलेला कोड पुढच्या बॅचला हातात देणारं, चुका दाखवणारं माणूस रोज त्याच खोलीत भेटत होतं.

म्हणून परदेशी गेलेल्या संशोधकांबद्दलची ‘परत या, देशाला तुमची गरज आहे’ आणि ‘सरकारी खर्चानं शिकून पळाले’ ही दोन्ही वाक्यं ऐकली की मला वाटतं, वाद चुकीच्या जागी चालला आहे. संगणक आता पुण्यातही आहेत. आयसर या विज्ञानसंस्थेत परम ब्रह्मा हा महासंगणक आहे, 2024 मध्ये परम रुद्र यंत्रं आली, त्यातलं एक पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला. आपण संशोधनावर जीडीपीच्या 0.64 टक्के खर्चतो आणि जर्मनी तीन टक्क्यांहून जास्त, हा फरक मोठा आहेच. पण माझ्या ओळखीतला कुणीही यंत्र नाही म्हणून परत जायचा थांबलेला नाही. बसायला खुर्ची, म्हणजे कायमची नेमणूक, नाही म्हणून थांबला आहे.

माझा मावसभाऊ मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, तासिका तत्त्वावर. पीएचडी झाली, सेट झाली, पेपर चांगले आहेत. जितके तास तितके पैसे, उन्हाळ्यात काहीच नाही, जूनमध्ये पुन्हा मुलाखत. पुंजक्यांवरच्या एका कोडवर आम्ही दोघं मिळून काम करतो, पण सत्र सुरू झालं की त्याचा हात थांबतो, कारण तो तेव्हा दोन कॉलेजांत धावत असतो. रिक्त जागा भरा म्हणून आंदोलनं होतात, तो जातो, परत येऊन पेपर तपासतो.

इथं सगळं आलबेल आहे असं घरी वाटतं. तसं नाही. जर्मनीत 2007 पासून कायदा आहे, पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षं मुदतीच्या करारावर, पुढं कायम जागा मिळाली तर ठीक, नाहीतर बहुतेकांना विद्यापीठ सोडावं लागतं. शिक्षण मंत्रालयानं हाना नावाची काल्पनिक संशोधिका घेऊन त्याचं समर्थन करणारी फिल्म काढली होती. एका पिढीनं जागा अडवून धरू नयेत, असा त्यातला युक्तिवाद. 2021 च्या जूनमध्ये हजारो संशोधकांनी ‘मीच हाना’ म्हणत आपापले करार, वयं आणि लांबवलेली लग्नं जाहीर लिहिली. मीही दोन ओळी लिहिल्या. माझी त्या सहांतली चार वर्षं संपली आहेत.

फरक आहे तो असा. इथं करार असेपर्यंत पगार वेळेवर येतो, आजारपणाचा खर्च विम्यातून निघतो, आणि संशोधकाला काय दिवे लावणार असं विधिमंडळात कुणी विचारत नाही. पण प्रश्न पिकेपर्यंत त्यापाशी बसू द्यायचं की नाही, यावर दोन्हीकडे उत्तर सारखंच मिळतं. पुण्यात एकेकाळी ते बसणं शक्य होतं. सरकारनं आणखी एक ‘परत या’ योजना काढण्यापेक्षा विद्यापीठांतल्या मंजूर जागा भराव्यात, एवढीच माझी मागणी आहे. जागा भरल्या तर परतणारे परततील, आणि मुख्य म्हणजे जे गेलेच नाहीत त्यांना काम करता येईल.

परवा रात्री भावाचा फोन आला. तिकडं साडेबारा झाले असतील. बत्तीस अणूंचा जॉब त्यानं पुन्हा लावला होता, पहिल्या दोन तापमानांचे आकडे बरे आले होते. ते वाचून दाखवता दाखवता तो म्हणाला, ‘ताई, पुढची तापमानं तू लाव. उद्यापासून माझं सत्र सुरू होतंय.’ मी फाइल घेतली. सहाशे केल्विनचा जॉब क्यूत आहे.