लॅब आहे म्हणून लाटेत फेकायचा?

आज दुपारी आमच्या पुळणीवर तीन पोरांनी एक लॅब्रेडोर आणला. दोघांनी उचलून त्याला लाटेत फेकला, तिसरा रील काढत होता. कुत्रं धडपडत बाहेर आलं, खारट पाणी ओकलं, शेपूट पायांत घालून गाडीच्या दिशेला पळालं. त्याला ओढून परत आणला नि परत फेकला! मी गेले बोलायला. तर म्हणे, ‘काकू, लॅब आहे तो, त्याच्या रक्तातच पोहणं असतं.’

असतं ना. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर पाण्यात उतरणाऱ्या कुत्र्यांचा वंश तो, बोटांमध्ये पडदा असतो त्याच्या. पण हा बिचारा फ्लॅटमध्ये वाढलेला. लाट त्याने पहिल्यांदा पाहिली ती नाकातोंडात गेल्यावर.

आमचा टिप्या गावठी. पागोळ्यांखालून जायची वेळ आली तरी घराला वळसा घालून जायचा. भाऊंनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्याला कधी ‘चल’ म्हटलं नाही. पाऊस सरला की संध्याकाळी घरामागच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, पाय सोडून बसायचे, त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. हा काठावर भुंकून भुंकून दमायचा. मग एक पाय ओला करायचा. भाऊ ढिम्म.

आणि आजची पौर्णिमा! तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते; पंधरा पाऊणे सव्वाअकरा, तेव्हा भरती पूर्ण. ही मंडळी आली एक वाजता, म्हणजे ओहोटी लागलेली, उधाणाचं पाणी आत ओढतंय, वर वाळू तापलेली. गावातल्या कोणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण विचारायचं कशाला, रूमचे पैसे दिलेत ना!

हो, पर्यटकांवर आमची घरं चालतात. माझंही चालतं. माहितेय.

तर टिप्या. पोटापर्यंत पाण्यात यायला लागल्यावर भाऊंनी नारळाचं सोडण, म्हणजे वरची साल, टाकलं, त्याच्यापासून हातभर. ते तरंगत जरा पुढे गेलं, हा मागोमाग. पाय सुटले तसा पुढच्या पायांनी पाणी बडवायला लागला, मागचं अंग खाली. घाबरलेलं कुत्रं असंच उभं पोहतं नि लगेच दमतं. भाऊंनी फक्त पोटाखाली हात दिला. मागचे पाय वर आले, चालायला लागले, हात काढून घेतला. सोडण तोंडात धरून बाहेर आला तेव्हा त्याचा तोरा बघायला हवा होतात! लगेच घरी नेला, अजून उड्या मारत होता तरी. भाऊंचं म्हणणं, खेळ हवासा वाटतोय तेव्हाच थांबवायचा.

समुद्रावर नेला तो नंतर, भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा, लांब दोरी बांधून. जाताना गोड्या पाण्याची कळशी बरोबर. तहानेला की कुत्रं समुद्राचंच पाणी पितं, मग उलट्या-जुलाब, जास्त प्यायलं तर जिवावर बेततं. घरी आल्यावर विहिरीच्या पाण्याने अंघोळ, कान कोरडे. लोंबत्या कानांच्या कुत्र्यांचे कान ओले राहिले की चिघळतात. आता तर पट्ट्याला वर मूठ असलेली लाइफ जॅकेटं मिळतात कुत्र्यांची. गाडीला एवढे दिवे लावता, एक जॅकेट नाही परवडत? आणि पग नि बुलडॉगवाल्यांनी हौस घोट्याएवढ्या पाण्यातच भागवावी. चपटं नाक, जड डोकं, बुडतात ती.

फेकलेली काही कुत्री पोहायला शिकतात, हेही ऐकून झालं आज. शिकत असतील. टिप्या मात्र ‘येतोस का’ न विचारताच पऱ्याकडे पळत सुटतो, आणि मला तेवढंच कळतं. एखाद्याला नाहीच आवडलं पाणी, तर नाही आवडलं. वाळूत खड्डे करू द्या. (थंडीत तेही दोरी बांधूनच, कासवांची घरटी असतात.)

त्या पोरांचा राग आता जरा उतरलाय. कुत्र्याला फिरायला घेऊन आलेत, घरात कोंडून नाही ठेवलं, एवढं तरी आहे. अजून गावातच असाल नि कोणी ही पोस्ट दाखवली, तर उद्या सकाळी त्याला घेऊन घरी या. पऱ्याला अजून पाणी आहे, सोडणांचा ढीग पडलाय. मोबाईल तेवढा गाडीत ठेवा.